अकरावं मत

टॅमरॅकच्या बैठकीत वर्ना कोस्किनेन सहसा बोलत नसे. ती खायला काहीतरी करून आणायची, टिपणं काढायची आणि बाकीचे दहा जण नेमके कशावरून भांडताहेत ते समजून घ्यायची खटपट करायची. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारीही ती डलूथच्या वाचनालयाच्या तळघरातल्या खोलीत, फ्रीझरमध्ये साठवलेल्या रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या करून आणल्या होत्या त्यांचा डबा उघडून बसली होती. वरच्या अरुंद खिडकीतून नुसतं धुकं दिसत होतं.

टॅमरॅक ही त्या अकरा जणांनी मिळून चौदा वर्षं चालवलेली लिनक्स सिस्टम. कुणीही उतरवून घ्यावी आणि आपल्या कॉम्प्युटरवर टाकावी. नियम एकच, पण भलता कडक: आतला प्रत्येक प्रोग्राम मुक्त हवा. तो कसा बनवलाय हे कुणालाही वाचता यावं, बदलता यावं, शेजाऱ्याला देता यावं. ज्याचा मालक ‘आत डोकावू नका’ म्हणतो, त्या प्रोग्रामला टॅमरॅकचा उंबरा बंद. मग तो कितीही गुणाचा असो.

अकरापैकी दहा जण कोड लिहिणारे होते. वर्ना मदतपुस्तिका लिहायची. तीस वर्षं शाळेत आधी टायपिंग आणि मग कॉम्प्युटर शिकवून ती निवृत्त झाली होती. ‘हे बटण दाबा, मग ते दाबा’ असं न चिडता लिहिणारं दुसरं कुणी त्यांना मिळालं नव्हतं.

त्या दिवशीचा वाद होता तो नवे प्रोग्राम बसवायच्या साधनाचा. ज्याला काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या नाहीत अशा माणसाने एक खिडकी उघडावी, हवा तो प्रोग्राम निवडावा, बटण दाबावं, की झालं. आजवर टॅमरॅकमध्ये अशी तीन साधनं एकत्र नांदत होती आणि लोकांचा गोंधळ उडत होता. जूनमधल्या नव्या आवृत्तीत एकच ठेवायचं ठरलं होतं.

पहिलं मॅनिफेस्ट. जुनं, भक्कम, बोटीवरच्या मालाच्या यादीसारखं: नऊ हजार ओळी आणि प्रत्येकीसमोर खूण करायला चौकोन. दुसरं पॅन्ट्री. चित्रं, तारे, लोकांचे अभिप्राय, सगळं कसं हसतमुख. तिसरं बास्केट. त्यात जेमतेम दोनशे प्रोग्राम होते आणि ते बनवणारा माणूस चार वर्षांपूर्वी पत्रांना उत्तरं द्यायचा बंद झाला होता. त्याच्या बाजूने कुणीच नव्हतं.

“पॅन्ट्री मुळात बाहेरच्या यादीवर जगतं,” रॉल्फ ट्वेट म्हणाला. टॅमरॅक सुरू केली ती त्याने. उंच, किडकिडीत, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणारा माणूस. “त्या यादीत निम्मा माल बंद डब्यातला आहे. आपण दार लावलं तरी ते खिडकीतून हात घालणारच.”

“तो हात मी कापलाय,” टेस ब्यूल्यू म्हणाली. “तीन आठवडे तेच करत होते. आता ते फक्त आपल्याच यादीतलं दाखवतं. तुला तपासायचंय का? की नुसतंच बोलायचंय?”

“मग तारे कुठून येतात?”

“तारे येत नाहीत. तारे गेले.”

“म्हणजे दुकान उघडलं आणि पाटी काढून टाकली.”

“दुकान म्हणू नकोस असं तूच मागच्या बैठकीत म्हणालास.”

मतदान झालं. मॅनिफेस्टला पाच, पॅन्ट्रीला पाच. मग एकेक करून सगळ्यांची तोंडं वर्ना बसली होती त्या कोपऱ्याकडे वळली.

“मी मत देत नाही,” वर्ना म्हणाली. “मला त्यातलं काही कळत नाही.”

“पुस्तिका तूच लिहिणार,” रॉल्फ म्हणाला. “मग तूच ठरव. एक आठवडा घे.”

“बाई, तुम्ही ठरवाल ते मला चालेल,” टेस म्हणाली. सातवीत वर्नाच्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची, आणि वर्नाला ‘बाई’ म्हणायची तिची सवय अजून सुटली नव्हती. पण ‘चालेल’ म्हणताना तिने डबा स्वतःकडे ओढून घेतला, त्यावरून किती चालेल ते कळत होतं.

रविवारी चर्चहून आल्यावर वर्नाने तिन्ही साधनं पालथी घातली. मॅनिफेस्ट ती स्वतः कित्येक वर्षं वापरत होती. ते उघडलं की घरी आल्यासारखं वाटे. पण आज तिने परक्याच्या नजरेने बघायचं ठरवलं, आणि बघता बघता ते घर परकं झालं. ‘लिब’ने सुरू होणाऱ्या या दोन हजार ओळी कशाच्या? तिने त्यांच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. आपण रोज ज्या जिन्यावरून जातो त्याला पायऱ्या किती, असं कुणी विचारावं तसं झालं. मग पॅन्ट्री उघडलं. ते आवडलं. मग बास्केट उघडलं. तेही आवडलं. दुपारी पुन्हा मॅनिफेस्ट उघडलं तेव्हा वाटलं, हेच बरं. कागदावर तिने तीन रकाने आखले होते. संध्याकाळपर्यंत तिन्ही रकान्यांत सारख्याच ओळी भरल्या, आणि खाली तिने लिहिलं: ‘मी काय शोधतेय?’

सोमवारी सकाळी तिने शेजारच्या गस माकीला बोलावलं. गसने उभा जन्म लोहखनिजाच्या बोटींवर स्वयंपाक्याची नोकरी केली होती. वय एकाहत्तर, हात फावड्यासारखे, आणि कॉम्प्युटरशी ओळख हवामान बघण्यापुरती.

“तुला कॉम्प्युटरवर काय हवंसं वाटतं?” वर्नाने विचारलं.

“बुद्धिबळ. बोटीवर खेळायचो. आता समोर बसायला कुणी उरलं नाही.”

“मग यातून बुद्धिबळ बसव. मी काही सांगणार नाही. नुसती बघत बसेन.”

“परीक्षा घेतेस?”

“तुझी नाही. याची.”

आधी मॅनिफेस्ट. गसने एकेका बोटाने ‘बुद्धिबळ’ टाइप केलं आणि त्रेचाळीस ओळी आल्या. त्याने चष्मा वर केला, खाली केला. एकही नाव त्याला समजेना. मग, एखादी राहून जायला नको म्हणून, त्याने सगळ्या त्रेचाळीस ओळींसमोर खुणा केल्या आणि बटण दाबलं. पस्तीस मिनिटं ते चाललं होतं. तोवर दोघांनी कॉफी घेतली. संपल्यावर गसने सगळीकडे शोधलं, पण पट काही दिसेना.

“बसवलं तर खरं,” तो म्हणाला. “गेलं कुठे?”

पट होता, पण मेन्यूत पंधरा नव्या नावांच्या गर्दीत हरवला होता. 

मग पॅन्ट्री. चित्रं बघून गस खूश झाला. पण तारे नि अभिप्राय काढल्यामुळे पहिल्या पानावर राखाडी रंगाचे सहा रिकामे चौकोन उरले होते.

“इथे चोरी झालीय का?” गसने विचारलं.

“नाही. ते मुद्दाम काढलंय.”

“का?”

वर्नाने सांगायला सुरुवात केली. बाहेरची यादी, बंद प्रोग्राम, मुक्त प्रोग्राम. गसने मान डोलावत ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे डब्यावर आत काय घातलंय ते लिहिलेलं नसेल तर तो डबा घ्यायचा नाही. बरोबर आहे. मीही घेत नसे. पण मग रिकामी फळी कशाला मांडून ठेवता?” पॅन्ट्रीतून बुद्धिबळ सापडलं, पण तीन वेगवेगळी. त्यांतलं बरं कुठलं, ते सांगायला तारे नव्हते.

शेवटी बास्केट. ‘खेळ’वर टिचकी, खाली बुद्धिबळ, एकच. दोन मिनिटांत गसने राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं आणि वर्ना त्या खोलीत आहे हेही तो विसरला.

वर्नाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ज्याच्या बाजूने कुणीच नव्हतं तेच खरं निघालं. ते बनवणारा हरवलाय, तर हे दहा जण आहेत की सांभाळायला. मंगळवारी तिने पुस्तिकेतलं बास्केटचं पान लिहूनही टाकलं. कधी नव्हे ते दीड पानात संपलं.

बुधवारी ती वाचनालयात पुस्तकं परत करायला गेली. काउंटरवर नेटी स्वोबोडा होती. नेटीला जन्मापासून दिसत नव्हतं. तिचा कॉम्प्युटर तिला पडद्यावरचं वाचून दाखवायचा, आणि तो इतक्या भरभर बोलायचा की दुसऱ्या कुणाला एक अक्षर कळत नसे. वर्नाचा लॅपटॉप पिशवीत होताच. तिने सहज विचारलं, “पाच मिनिटं आहेत का? एक गंमत दाखवते. म्हणजे तूच मला दाखव.”

नेटीने लॅपटॉपमधला वाचून दाखवणारा आवाज सुरू केला, कानात यंत्र घातलं आणि बास्केट उघडलं. बोटं कीबोर्डवर फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

“चालू आहे का हे?” तिने विचारलं.

“चालू आहे. समोर मोठी चित्रं आहेत.”

“असतील. मला काहीच ऐकू येत नाही. भिंतीला हात लावल्यासारखं आहे.”

पॅन्ट्री उघडलं. नेटी ऐकत राहिली आणि मग हसायला लागली. तिने कानातलं काढून वर्नाच्या हातात दिलं. आतला आवाज सांगत होता: बटण. बटण. बटण. चित्र. बटण.

“कशाचं बटण ते नाही सांगत,” नेटी म्हणाली. “दाबून बघू?”

“नको.”

मॅनिफेस्ट उघडल्यावर नेटी पहिल्यांदा पुढे झुकली. एकेक ओळ, नाव, काय काम करतं, बसवलंय की नाही, सगळं त्या आवाजाने सांगितलं. नेटीने तीन मिनिटांत पियानोचे सूर जुळवायचा एक प्रोग्राम शोधला, बसवला, उघडला आणि बंद केला. असं काही जगात आहे हेच वर्नाला ठाऊक नव्हतं.

“हे छान आहे,” नेटी म्हणाली. “हेच ठेवणार ना?”

वर्ना “बघू” म्हणाली आणि पुस्तकं परत करायची विसरून, तशीच पिशवी घेऊन घरी आली.

आता तिला काही म्हणजे काही सुचेना. जे गसला उघडतं ते नेटीला भिंत आहे. जे नेटीला दार आहे तिथे गस त्रेचाळीस पोती पाठीवर घेऊन हरवतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दीड पान तिने फाडलं नाही, पण पुस्तकाखाली सरकवून ठेवलं.

गुरुवारी रॉल्फ तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. न बोलावता आला होता, पण येताना धुरावलेला मासा आणला होता, म्हणून तिने काही म्हटलं नाही. तिने त्याला गसचं आणि नेटीचं सांगितलं. नेटीचं ऐकून त्याचा चेहरा उजळला.

“मी म्हणतच होतो.”

“तू नेटीचं नाव कधी काढलं नव्हतंस.”

“नाव नाही काढलं. तत्त्व एकच.”

“बरं, मग मला एक दाखव. गसच्या जागी तू आहेस. मॅनिफेस्टमधून बुद्धिबळ कसं शोधशील?”

रॉल्फने लॅपटॉप पुढे ओढला आणि क्षणात काळा पडदा उघडून टाइप करायला लागला.

“तसं नाही. खिडकीतून.”

“हो, हो.” त्याने मॅनिफेस्ट उघडलं. माउस इकडे नेला, तिकडे नेला. “शोधायची जागा वर असायची.”

“ती खाली गेली.”

“कधी?”

“सहा वर्षं झाली. तूच हलवलीस. मी पुस्तिकेत लिहिलंय.”

रॉल्फने तिच्या कपाळाकडे बघत लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, “मी हे वापरत नाही ना. मी टाइपच करतो.”

“मग जे वापरत नाहीस त्याच्यावरून भांडत होतास?”

“लोकांसाठी भांडत होतो.”

तो गेल्यावर वर्नाने टेसला फोन लावला. आडवळण न घेता विचारलं, “तू रोज प्रोग्राम कशातून बसवतेस? पॅन्ट्रीतून?”

“बाई, खरं सांगू? मी टाइप करते. पॅन्ट्री मी दुरुस्त करायलाच उघडते.”

शुक्रवारी तिने उरलेल्या आठही जणांना फोन केले. कुणी कामावर होता, कुणी गाडीत, एक जण मासेमारीच्या परवान्याच्या रांगेत. प्रश्न एकच. उत्तरही एकच, फक्त शरमेचं प्रमाण कमीजास्त. दहापैकी दहा जण टाइप करत होते. पाच-पाच मतं देणाऱ्यांतलं एकही माणूस त्यांतलं एकही साधन वापरत नव्हतं. अकरा जणांत खिडकीतून प्रोग्राम बसवणारी एकटी वर्ना होती, आणि ‘मला त्यातलं काही कळत नाही’ म्हणून मत न देणारीही तीच.

तिला हसू आलं, मग राग आला, मग दोन्ही गेलं आणि पहिला गोंधळ परत येऊन बसला. कारण एवढं कळूनही प्रश्न होता तिथेच होता.

शनिवारी तळघरात सगळे वेळेवर आले. या खेपेला तिने खायला काही आणलं नव्हतं. तिने गसचं सांगितलं, नेटीचं सांगितलं. फोनवर काय कळलं तेही सांगितलं, नावं न घेता. नावं घ्यायची गरजच नव्हती. कुणी मान वर करेना.

“मॅनिफेस्ट,” ती म्हणाली.

रॉल्फ खुर्चीत मागे रेलला.

“रेलू नकोस, संपलेलं नाही. गस त्यात हरवतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण हरवायला तरी त्याला आत येता येतं. नेटीला बाकीच्या दोघांत पाऊलच टाकता येत नाही. म्हणून मॅनिफेस्ट. एवढंच माझं कारण आहे, आणि ते पुरेसं आहे का ते मला ठाऊक नाही.” तिने टिपणवही उघडली. “आता दोन अटी. उघडल्यावर पहिल्यांदा नऊ हजार ओळी दिसायच्या नाहीत. चाळीस प्रोग्रामांचं एक पान दिसेल, साध्या भाषेत. बुद्धिबळ एकच. बाकीचा ढीग मागच्या दारी. ते पान टेस करेल.”

“मी?” टेस म्हणाली. “मी पॅन्ट्रीसाठी तीन आठवडे...”

“म्हणूनच तू. रिकामे चौकोन कसे दिसतात हे तुला आता माहीत आहे.”

टेसने काहीतरी लिहून घेतलं. लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

“दुसरी अट. आवृत्ती निघेपर्यंत तुम्ही दहाही जण खिडकीतूनच प्रोग्राम बसवायचे. टाइप करायचं नाही.”

खोलीत कुजबुज झाली. “दिवसाला वीस प्रोग्राम बसवतो मी,” कुणीतरी म्हणालं. “वेड लागेल.”

“लागू दे. मग ते कशाने लागलं ते लिहून मला पाठव.”

“आणि आम्ही पाळतोय की नाही हे कोण बघणार?” रॉल्फने विचारलं.

“तीस वर्षं मी गृहपाठ तपासलाय, रॉल्फ.”

पहिल्या नऊ दिवसांत एकशे बारा तक्रारी आल्या. त्यांतल्या सत्तेचाळीस रॉल्फच्या होत्या. खुणा केल्यावर त्या पुसायच्या कशा? ‘बसवा’ आणि ‘लागू करा’ यांत फरक काय? काम चालू असताना खिडकी गप्प का बसते? वर्नाला यातली बहुतेक उत्तरं पाठ होती, कारण तिने प्रत्येक अडचणीला वळसा घालून जायला आपलं आपण शिकून घेतलं होतं. त्या वळशांनाच ती आजवर ‘कसं वापरावं’ म्हणत आली होती. आता एकेक वळसा सरळ होऊ लागला आणि तिची पुस्तिका पानापानाने बारीक होत गेली. त्याचा तिला आनंद झाला की वाईट वाटलं, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

टेसचं पहिलं पान देखणं झालं, पण नेटीसाठी मुकं. तिने ते पुन्हा केलं. दुसरं नेटीला बोललं, पण गसला आवडलं नाही. “पॅन्ट्रीत निदान चित्रं होती,” तो म्हणाला. चित्रं घातली तर ती बोलेनात, बोलती केली तर पान उघडायला फार वेळ लागायचा. टेस आणि रॉल्फ एकमेकांशी फक्त तक्रारींतून बोलत होते, पण बोलत होते. जून गेला, जुलै गेला. आवृत्ती सप्टेंबरात निघाली.

लोकांची पत्रं यायला लागली. काहींनी आभार मानले. काहींनी विचारलं, पॅन्ट्री का काढलंत, ते किती सुंदर होतं. हे वाचलं की वर्ना आपल्या जुन्या लॅपटॉपवर पॅन्ट्री उघडून बघायची. होतंच ते सुंदर. मग मॅनिफेस्ट उघडायची. मग चहा ठेवायची.

ऑक्टोबरात सस्कॅचवानमधल्या एका बाईंचं पत्र आलं. त्या मागच्या दाराने आत शिरल्या होत्या आणि नऊ हजारांतली एक ओळ त्यांना आपल्या कॉम्प्युटरवर आधीपासून बसवलेली दिसली होती. नाव नुसतं पाच अक्षरांचं, वर्णनात ‘मदतनीस’ एवढाच शब्द. हे काय आहे, आणि काढून टाकलं तर चालेल का, असं त्यांनी फार नम्रपणे विचारलं होतं.

वर्नाला ठाऊक नव्हतं. तिने रॉल्फला विचारलं. तो म्हणाला, पहिल्या वर्षापासून आहे, टेसला माहीत असेल. टेस म्हणाली, मी आले तेव्हा होतंच. कोड उघडा होता, कुणालाही वाचता येत होता. दहाही जणांनी वाचला आणि दहा जणांची दहा मतं झाली. शेवटी टेसने तो लिहिणाऱ्याचा पत्ता शोधून काढला. माणूस लुब्लियानात राहत होता, आता मधमाश्या पाळत होता. दोन आठवड्यांनी त्याचं उत्तर आलं. ते वर्नाने सस्कॅचवानच्या बाईंना कळवलं आणि जसंच्या तसं मदतपुस्तिकेतही घातलं:

‘हे मी का लिहिलं ते मला आता आठवत नाही. बहुधा याच्यावाचून कुणाचं अडत नसावं. तरी काढू नका.’